नऊ नंबरचा बिल्ला

मी मुळातच भित्री. टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकते, आणि घरात त्यावरून माझी यथेच्छ थट्टा चालते. तेव्हा हे जे सांगतेय, त्यातलं थोडंफार माझ्या स्वभावावर ढकललंत तरी माझी हरकत नाही. सगळं मात्र ढकलता येणार नाही.

काम अगदी साधं होतं. आमच्या तलावकाठच्या वस्तीला शंभर वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्तची पुस्तिका, 'कॉलेजात इतिहास घेतला होतास ना, मग लिही' म्हणून माझ्या गळ्यात पडली होती. छातीच्या रुग्णांसाठी बांधलेलं लाकडी आरोग्यगृह, त्याचं पुढे झालेलं हॉटेल, पलीकडच्या काठावरचे उन्हाळी बंगले, सगळं लिहून झालं होतं. फक्त एक फोटो राहिला होता. होडीघरातल्या फळ्याचा.

फळ्याला दोन रांगा. डावीकडे वर लिहिलंय 'गेली', उजवीकडे 'आली'. प्रत्येक होडीचा पितळी बिल्ला. होडी काढताना होडीवाल्याने आपला बिल्ला डावीकडे टांगायचा, परतल्यावर आपल्याच हाताने उजवीकडे. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. आणि धुकं उतरलं की, 'गेली'खाली एकही बिल्ला असेपर्यंत धक्क्यावरची घंटा थांबवायची नाही. आवाजाच्या रोखाने होड्या घरी येतात.

अपवाद नऊचा. तो चाळीस वर्षं डावीकडेच होता, हिरवा पडून. थोरले काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, नऊ घेऊन गेले ते परतलेच नाहीत. घरात हा विषय कुणी काढत नाही.

हंगामाचा शेवटचा दिवस होता. बाबा पाच नंबर घेऊन पलीकडचे बंगले बंद करायला गेले होते. दुपारचे तीन. मी फोटोसाठी कोन बघत होते, आणि तो एकटा हिरवा बिल्ला डोळ्याला खुपायला लागला. काढला, रुमालाने घासला. चकाकला. मग बाकीच्यांच्या ओळीत, उजवीकडे टांगून टाकला. एका फोटोपुरताच! बाबांचा पाच नाही हलवला. तेवढं भान होतं.

फोटो काढून मागे वळले, तर खिडकीत तलाव नव्हता.

धुकं आमच्याकडे नवं नाही. पण ते असं, पडदा ओढल्यासारखं येत नाही. ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास आत शिरला. मी धावत धक्क्यावर गेले, घंटेचा दोर धरला आणि ओढायला लागले. घंटेचा आवाज पुढे जाईना. गोधडीत तोंड खुपसून हाक मारावी तसा जवळच विरत होता.

"थांब, मी आले." आत्या होती. बाबांची मोठी बहीण. वय साठीला टेकलेलं, पण धुक्यातली घंटा आजही तिचीच. दोर माझ्या हातातून घेत म्हणाली, "अशी कसली ओढतेस? दूध काढतेयस का? खांद्यातून ओढावी. कोण कोण बाहेर आहे?"

"बाबाच फक्त."

"आणि नऊ," ती सवयीने म्हणाली.

मी खाली बुटांकडे बघायला लागले. माझी नजर चुकवायची पद्धत तिला ठाऊक आहे.

"काय केलंस?"

"फोटोसाठी... आत्या, मी परत लावणारच होते..."

तिचा हात थांबला. घंटाही थांबली. ती एवढी म्हातारी मला कधी दिसली नव्हती.

"मीपण हेच केलं होतं गं," ती कुजबुजली. "वीस वर्षांची होते. थंडी वाजत होती. दादा येतोच आहे असं धरून मीच त्याचा बिल्ला हलवला, घंटा सोडली आणि घरी गेले. तो... तो बाहेर होता. सकाळी बिल्ला मीच परत डावीकडे लावला." मग एकदम ओरडली, "जा! परत लाव तो आधी!"

मी पळाले. बिल्ला दोनदा हातातून निसटला. रुमालाने पुसून कोरडा केलेला तो बिल्ला आता ओलाचिंब होता. कसाबसा 'गेली'खाली अडकवला. पाचाच्या शेजारी.

बाहेर घंटा पुन्हा सुरू झाली. मी आत्याला चिकटून उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मग वल्ह्यांचा आवाज आला.

"बाबा!"

"शू... ऐक." आत्याने डोळे मिटले. "दोन आहेत."

खरंच दोन होत्या. एक जवळ, एक जरा मागे. वल्ही पाण्यात पडत होती, पुढेमागे. मग एकत्र. मग एका होडीचा आवाज थांबला. दूर गेला असं नाही. थांबला.

दुसरी धक्क्याला लागली. होडीवर पाच नंबर, अंगात बाबांचाच राखाडी कोट, चेहरा बाबांचा. मला रडूच फुटलं. मी गळ्यात पडले. कोट नुसता गळत होता.

"पाऊस लागला का हो पलीकडे?" मी विचारलं.

त्यांनी वल्ही आत घेतली. होडी बांधली आणि होडीघरात गेले. आम्ही मागोमाग. फळ्यासमोर ते जरा थबकले, एखादी वस्तू फार दिवसांनी दिसावी तसे. मग हात उचलला, डावीकडचा बिल्ला काढला आणि उजवीकडे टांगला.

नऊचा.

"बाबा, तुमचा पाच..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नसलेल्या पोरीकडे मोठी माणसं पाहतात तसं, मायेने, पण वरवर. मग आत्याकडे वळून हसले.

"किती थकलीस गं, छबे. पुरे आता. आलो ना मी?"

बाबा आत्याला जन्मभर 'ताई' म्हणत आले. तिला छबी म्हणणारं घरात एकच माणूस होतं, आणि ते नऊ घेऊन गेलं होतं.

आत्याने त्यांच्या गालाला हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला.  मग तिने फळ्याकडे पाहिलं. 'गेली'खाली पाच एकटाच लटकत होता, आणि वारा नसताना हलत होता.

ती बाहेर गेली. तिने दोर खांद्यातून ओढला.

"आता कुणासाठी वाजवतेय ही?" होडीघराच्या कोपऱ्यातल्या शेगडीपाशी हात शेकत त्यांनी मला विचारलं. "सगळे आले की."