सात रेघा

ती चुकून त्या खोलीत शिरली. जायचं होतं शेजारच्या खोलीतल्या पेशंट आजोबांकडे. दार ढकललं तर खिडकीशी एक तरुण बसलेला. डोक्याला पट्टी, मांडीवर पुस्तक... आणि पुस्तक उलटं. तिनं ते सुलटं करून दिलं. त्यानं पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे — आणि पुस्तक पुन्हा उलटं फिरवलं. मला दोन्हीकडून सारखंच, असं सांगावं तसं.

तिला हसू आलं, आणि लगेच तिची नजर त्याच्या पट्टीवर गेली.

“याचं तोंड म्हणून मिटत नसे,” कोपऱ्यातून त्याची ताई म्हणाली. “घरी आम्ही पोपटच म्हणतो याला.”

पोपट जुन्या लिप्यांचा अभ्यासक होता. दगडांवरची, मातीच्या पाट्यांवरची अक्षरं वाचणं हेच त्याचं काम. मेंदूतली गाठ काढताना त्याचं बोलणं गेलं, आणि अक्षरओळखही. ऐकलेलं सगळं समजे. पण स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

ती स्पीच थेरपिस्ट. दुसऱ्या दिवशी तिनं ही केस मागून घेतली. का — ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

सुरुवात वाईट झाली. ‘अ’ गिरवायला दिला की त्याचा उजवा हात अडून राही. एकदा त्यानं पाटीच भिंतीवर भिरकावली आणि तोंड फिरवून बसला. तिनं तुकडे वेचले, कोरा कागद पुढे केला. अक्षरं राहू देत, म्हणाली, काय हवंय ते काढून दाखवा.

त्यानं डाव्या हातानं पेल्याचं चित्र काढलं. तिनं पाणी ओतून दिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि पेल्याशेजारी एक बाई काढली — दमलेली, केस विस्कटलेली, नाक भलंमोठं. पाणी तिच्यासाठी होतं.

“माझं नाक एवढं आहे?”

त्यानं तिला नीट न्याहाळलं... आणि नाक अजून थोडं वाढवलं.

मग रोज चित्रं. ठणकणारं डोकं, बेचव जेवण, ताईचा राग. कधी नुसतेच तिचे डोळे. ते काढताना त्याला वर बघावं लागे, आणि तो जरा जास्तच वेळ बघे.

एका दुपारी ताईनं फोनवर त्याचं जुनं भाषण लावलं. तिनं त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. खर्जातला, मधूनच हसू फुटणारा. माणसानं आधी वस्तू मोजायला खुणा केल्या, मग वस्तूंची चित्रं काढली, असं तो सांगत होता. “पण ‘उद्या’चं चित्र कसं काढणार? भीतीचं? तेव्हा कुणाला तरी सुचलं — चित्र वस्तूचंच राहू दे, घ्यायचा फक्त तिच्या नावाचा आवाज. तिथून माणूस खरा लिहायला लागला.”

पोपट परक्याचं ऐकावं तसा ऐकत होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली. हा आवाज आपल्याशी कधीच बोलणार नाही, हे तिला तेव्हा कळलं. आणि आपण त्याच्या प्रेमात पडलोय, हेही.

पुढच्याच तपासणीत गाठ परत आल्याचं दिसलं. आता ऑपरेशन नाही. हातात काही महिने. डॉक्टरांनी हे त्यालाच सांगितलं, तिच्यासमोर. ते गेल्यावर त्यानं कागद ओढला आणि सात उभ्या रेघा मारल्या.

सात दिवस? सात वाजता? तिनं विचारलं. त्यानं चिडून स्वतःचा कान धरला, मग रेघांवर बोट आपटलं. पुन्हा कान, पुन्हा रेघा.

“सात,” ती मोठ्यानं म्हणाली. “सात...” आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं. “साथ?”

त्यानं डोळे मिटून मान डोलावली.

ती उठून बाहेर गेली. बेसिनपाशी नळ सोडून रडली. मग केस दुसऱ्या थेरपिस्टकडे सोपवली, पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि परत आली. ताईनं तिला दारातच अडवलं.

“कशाला जीव गुंतवतेस? हा जाणारा आहे, पोरी.”

“गुंतलाय, ताई. आता काय करू?”

ताई बाजूला झाली. तिनं आत जाऊन त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याच्या रेघांखाली आपल्या सात रेघा ओढल्या.

त्याला घरी आणलं. काम संपलं की ती तिथेच जाई. कागदावर भांडणं झाली, रुसवे झाले. एकदा त्यानं स्वतःला आणि तिला म्हातारं काढलं, आणि तो कागद तिनं त्याला फाडू दिला नाही. मग ऐकलेलंही त्याला नीट उमगेना. मग हातातून पेन्सिल गळू लागली.

एका सकाळी त्यानं तिचा तळहात उघडला आणि बोटानं काहीतरी काढलं. एक वळण, एक रेघ, पुन्हा वळण. तिला कळलं नाही. त्यानं परत काढलं. तरी कळलं नाही.

“समजलं,” ती म्हणाली.

तो बघत राहिला. मग ओठांच्या कोपऱ्यात हसला — खोटं पकडल्यासारखा. त्यानं तिचा तळहात पुसला, पाटी पुसावी तसा, आणि पुन्हा लिहायला घेतलं... या वेळी सावकाश.