आता ती बाई म्हणायली...

ज्याला खोटं वाटतं त्यानं खुशाल खोटं समजावं. मी काही कुणाला पटवायला बसलेली नाही. पण त्या दिवशी मी स्वतः तिथं होते, तिसऱ्या रांगेत, गावातल्या मालनबाईच्या मांडीला मांडी लावून. चाळीसेक माणसं होती. चाळीसच्या चाळीस जणांना एकदम भास होतो का, ते तुम्हीच सांगा.

तारीख पंधरा डिसेंबर दोन हजार चोवीस. रविवार.

गाव पिंगळी, परभणीच्या शेजारचं.

आणि वेळ रात्रीची नाही बरं का... दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

ज्या बाईसोबत हे घडलं ती सुकेशनी, माझी नणंद. नवरा आणि लेक सृष्टीबरोबर परभणीत राहते, ऑफिसात क्लार्क आहे. एकदम रोखठोक. आमच्या घरात अंगारे-धुपारे, देवदेवस्की कधीच नव्हती, आणि भुताचं नाव काढलं की सुकेशनी सगळ्यात आधी हसायची.

आता हसत नाही.

पण त्याआधी आबा कळायला पाहिजेत. आबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे, चंद्रभान. रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. तरुणपणी दहा वर्षं सिकंदराबादला काढली आणि तिथल्या एका फिल्म क्लबात त्यांना देशोदेशीचे जुने पिच्चर बघायचं वेड लागलं. रिटायर होऊन गावी आले ते दोन पेट्या भरून डिस्का घेऊनच. दर रविवारी दुपारी समाजमंदिराच्या हॉलमध्ये पिच्चर लावायचे. खिडक्यांना सतरंज्या टांगायच्या, भिंतीवर पांढरी चादर. पिच्चर दाखवायचं मशीन गोपाळ चालवायचा, गावातला मोबाईलच्या दुकानवाला.

आता पिंगळीत परदेशी भाषा कुणाला कळणार? म्हणून आबा मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि सगळा पिच्चर आपल्या भाषेत सांगत जायचे. "आता तो गडी म्हणायलाय, मला भूक न्हाई. खोटं बोलायलाय बगा. सकाळपासून उपाशी हाय."

आणि पिच्चर कोणता लावायचा, ते माणूस बघून ठरवायचे. वैद्य नाडी बघतो तसं. कुणी दारात आलं, चहा प्यालं, दोन गोष्टी बोललं की आबा म्हणायचे, "तुला एक पिच्चर लागू पडंल. रविवारी ये."

सटवाजी आणि त्याचा भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बांधाचं भांडण. त्याच्यासाठी आबांनी दोन नावाड्यांचा पिच्चर काढला. त्यातले दोघं भाऊ एका होडीत बसून अख्खा पिच्चर गप्प, आणि शेवटी एक जण दुसऱ्याला बिडी देतो. एवढंच. सटवाजी उठला तो चपला घालायचं विसरून थेट भावाच्या दारात. मालनबाईचा पोरगा वारला, तर तिच्यासाठी एका म्हातारीचा पिच्चर. गाय विकायला डोंगर उतरते आणि न विकता परत येते. मालनबाई भाजी विकायची, तिला तो देश कुठं आहे हे आजही माहीत नाही. पण ती म्हातारी तिच्या बोलण्यात अजून येते, भावकीतली असल्यासारखी.

सुकेशनीचं मात्र आबांशी ह्यावरून वाजायचं. तिला इंग्रजी येतं. पडद्यावर खाली बारीक अक्षरं येतात ना, ती सुकेशनी वाचायची.

एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, खाली लिवलंय एक अन् तुमी सांगताव दुसरंच. लोकायला फसवायलाव तुमी."

आबा हसले. म्हणाले, "जिला वाचता येतंय तिनं वाचावं की. मी न वाचता येणाऱ्यायला सांगायलोय."

तिला ते लागलं. रविवारी यायची बंद झाली. बापलेकीत भांडण असं नाही, पण एक अढी बसली ती बसलीच.

मग डिसेंबर दोन हजार तेवीस. गुरुवारी आबांनी तिला फोन केला. म्हणाले, ह्या रविवारी ये, ह्या वेळचा पिच्चर तुझ्यासाठी काढलाय.

ती म्हणाली, मला कोणता रोग झालाय?

आबा म्हणाले, ये तर खरं.

ती आली नाही. ऑफिसचं काम आहे म्हणून सांगितलं.

त्या रविवारचा पिच्चर काळापांढरा, खाली अक्षरंच नसलेला. एक म्हातारी, तिचं माळरानातलं घर, आणि शहरातून आलेली तिची लेक. शेवटची सात मिनिटं म्हातारी दार उघडून उंबऱ्यात उभी राहते, आपल्याकडं पाठ करून. बाहेर नुसतं धुकं. लेक आत बाकड्यावर बसलेली. मग म्हातारी चालत धुक्यात जाते, दार उघडंच राहतं, आणि पिच्चर संपतो.

ती उंबऱ्यात उभी राहिली आणि आबा म्हणाले, "आता ती बाई म्हणायली..."

आणि थांबले.

आबांना असं थांबायची सवय होती. लोक वाट बघत राहिले. सात मिनिटं... कुणी हूं की चूं केलं नाही. गोपाळनं ट्यूबलाइट लावली तेव्हा आबांची मान छातीवर होती.

गेले होते.

सुकेशनी आली ती मातीलाच. रडली नाही. पण सगळं उरकल्यावर तिनं ती डिस्क मागून नेली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

रोज बघायची. नवरा झोपला की लॅपटॉप उघडायची. मला फोन करायची, कधी सकाळी सकाळी, कधी ऑफिसातून.

"वहिनी, ती बाई बोलतच न्हाई."

"कोण बाई?"

"पिच्चरमधली. शेवटाला एक शब्द बोलत न्हाई. नुसता वारा वाजतोय. मग आबा काय सांगायले होते? ती काय म्हणायली होती?"

मी काय सांगणार, कपाळ? पुस्तकात असतं तर शोधता आलं असतं. पिच्चरमध्ये असतं तर ऐकता आलं असतं. ते वाक्य फक्त आबांच्या पोटात होतं, आणि ते तिच्यासाठी होतं. तिनं ऐकायला यायचं होतं, ती आली नाही. जेवण कमी झालं. सृष्टीवर उगाच खेकसायला लागली. झोपेत पुटपुटते, असं तिचा नवरा म्हणायचा.

वर्ष भरत आलं तसे गावातले लोक म्हणायला लागले, आबाच्या स्मृतिदिनाला तोच पिच्चर लावा, अर्धवट राहिलाय तो पुरा सांगा. कोण सांगणार? सगळ्यांनी सुकेशनीकडं बघितलं.

ती हो म्हणाली. मला एकटीला म्हणाली, तिथं गेल्यावर तरी सुचंल काहीतरी.

तर तो रविवार.

सतरंज्या टांगल्या. ती आबांच्या जागी बसली. सांगायला लागली, आणि काय सांगू तुम्हाला, झकास सांगत होती. तेच थांबणं, तेच मध्येच खाकरणं. मालनबाई माझ्या कानात म्हणाली, बापाची जीभ आली पोरीला.

म्हातारी उठली. दार उघडलं. उंबऱ्यात उभी राहिली.

सुकेशनी म्हणाली, "आता ती बाई म्हणायली..."

इथून पुढचं तिनं मला सांगितलेलं आहे. तिच्याच तोंडचं सांगते.

तिचा घसा बंद झाला.

शब्द सुचेना असं नाही. आवाजच निघेना. जीभ टाळूला चिकटलेली. पडद्यावर वारा वाजत होता. मशीनचा पंखा घुरघुरत होता. लांब कुठंतरी मालगाडी जात होती.

मग मालगाडीचा आवाज बंद झाला. लांब जाऊन नाही... मध्येच.

मग पंख्याचा.

हॉलमध्ये नेहमी कुणीतरी खोकतं, बांगड्या वाजतात, लेकरू कुरकुरतं. काहीच नाही. तिला वाटलं, लोक उठून गेले की काय. मान वळवून बघावं तर मान वळेना.

आणि त्या शांततेत...

सगळे हसले.

चाळीस माणसं, एकदम. जसं कुणी मजेशीर बोलल्यावर हसतात तसं.

तिला वाटलं, मला हसायलेत. शरमेनं तिचा जीव अर्धा झाला. थोड्या वेळानं कुणीतरी मुसमुसलं. मग दुसरं कुणी. मग कितीतरी जण. ती गप्पच. हात मांडीवर, डोळे पडद्यावर. म्हातारी धुक्यात गेली. उघडं दार राहिलं.

ट्यूबलाइट लागली.

आता माझं सांगते. मी डोळे पुसत होते. सटवाजी उपरण्यानं तोंड झाकून बसला होता. मालनबाई उठली, सुकेशनीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "लय चांगलं सांगितलंस बाई. बापानं अर्धं ठेवलेलं पुरं केलंस."

सुकेशनी आमच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मी कुठं काय सांगितलं?"

मालनबाईला वाटलं, पोरगी लाजायली.

पण मी तिचं तोंड बघितलं होतं. तिला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "वहिनी, मी शेवटाला एक अक्षर बोलले न्हाई. तुमी हसलाव कशाला?"

 पण मी ऐकलं होतं. ह्या कानांनी. तिचाच आवाज, स्पष्ट. मी म्हणाले, "अगं, तूच म्हणलीस की, ती म्हातारी लेकीला विचारायली, गोधड्या वाळल्या का गं तुझ्या? तवाच हसलो आमी."

सुकेशनीनं मला अजून लांब, दाराकडं ओढलं.

मग तिनं सांगितलं. आबा गेले त्या रविवारी ऑफिसचं काम नव्हतं. तिनं घरी गोधड्या धुवायला काढल्या होत्या. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. वर्षभर तो काटा घेऊन फिरत होती, की बाप मरत होता आणि मी गच्चीवर गोधड्या पिळत होते.

मी तिला पाणी पाजलं. तेवढ्यात गोपाळ आला. त्यानं शेवटची दहा मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड केली होती, स्टेटसला ठेवायला. म्हणाला, ताई, एकदा ऐका, लय भारी आलंय का बघा.

आम्ही तिघं मोबाईलभोवती बसलो.

आधी तिचा आवाज. "आता ती बाई म्हणायली..."

मग वारा.

नुसता वारा.

मग एकदम सगळ्यांचं हसणं. त्यात माझंही. मला माझं हसणं ओळखू आलं... आणि त्याच्या आधी काहीच नव्हतं. कुणी काहीच बोललं नव्हतं. आम्ही कशाला हसलो ते त्या मोबाईलमध्ये नव्हतंच.

मालनबाईचं "अगं माय". मुसमुसणं. वारा.

आणि अगदी शेवटाला, मोबाईल तोंडाजवळ धरल्यासारखा, एक आवाज. सुकेशनीचा.

"हो. येते."

गोपाळनं मोबाईल खाली ठेवला. त्याच्या कपाळावर घाम होता, डिसेंबरात.

सुकेशनी म्हणाली, हे मी म्हणले नाही. मग म्हणाली, मला आठवत नाही. मग माझा हात घट्ट धरला. "वहिनी, ह्याच्या आधी काय विचारलं होतं? तुमी ऐकलंव ना. सांगा."

मला सांगायचं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. पण वर्षभर ती त्या एका वाक्यासाठी जळत होती. लपवणार कसं?

मी सांगितलं. म्हातारी उंबऱ्यातून म्हणाली होती, "येतीस ना?"

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? आपल्याकडं निघताना कुणी जाते म्हणत नाही. येते म्हणतात. निरोपाचा शब्द आहे तो. बापलेकीचा निरोप राहिला होता, तो झाला. मालनबाई अजून हेच म्हणते. माझे मालक जीवन, तेही म्हणतात, मोकळी झाली ती, तू डोकं नको चालवू.

मलाही तसंच वाटायचं. खरंच सुकेशनी सुधारली. जेवायला लागली. सृष्टीशी हसून बोलायला लागली. ती डिस्क तिनं परत पेटीत ठेवली. मी म्हणाले, चला, आबांचा पिच्चर लागू पडला.

पण धुक्यात जाणारं माणूस मागं वळून न बघता "येतीस ना?" म्हणतं, तेव्हा ते निरोप घेत असतं... का सोबत बोलावत असतं?

मागच्या महिन्यात ती माहेरी आली होती. संध्याकाळी निघाली. सृष्टी पायरीवरून म्हणाली, "येते मामी." सुकेशनीनं पर्स खांद्याला लावली, माझ्याकडं बघून गोड हसली आणि म्हणाली, "जाते वहिनी."

 मी रागावले. म्हणाले, "असं म्हणू न्हाई ताई. येते म्हणावं."

ती थांबली. कसलंही दुःख नव्हतं तोंडावर.

म्हणाली, "ते आबाला म्हणलंय ना वहिनी. दोघायला कसं म्हणू?"

आणि सृष्टीचा हात धरून ऑटोकडं चालायला लागली. मी अंगणात उभी. मागं वळून तिनं बघितलं नाही.

तिला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे. पण तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिला फोन लावते. काही काम नसतं. तिनं उचलला की मी म्हणते, सहज केला गं.

आज दोनदा लावलाय. रिंग जातेय... अजून उचललेला नाही.