टोपाजीचं गोडं पाणी

माणूस पाणी पितो आहे, पुन्हा पुन्हा पितो आहे आणि तरीही आतून सुकत चालला आहे. असं होऊ शकतं का? आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर केतकीने "छे, काहीतरीच!" म्हणून उडवून लावलं असतं. पण आज तिचा आजोबा, म्हणजे तिचा लाडका आजो, समोर खाटेवर पडला होता आणि त्याचं नेमकं तेच होत होतं.

केतकी कुबल राहायची मालवणच्या किनाऱ्यापासून बरीच आत, समुद्रावर तरंगणाऱ्या शैवालशेतावर. खाली पाण्यात दोरांना लटकलेलं शैवाल (समुद्रात वाढणारं मोठं शेवाळ), वर राहायच्या खोल्या आणि एका कोपऱ्यात खाऱ्या पाण्यातलं मीठ काढून टाकणारं यंत्र. ते यंत्र आजोने स्वतः घडवलं होतं. आजो निवृत्त शास्त्रज्ञ. निवृत्त नावापुरताच, कारण स्क्रू दिसला की त्याचा हात शिवशिवायचाच.

आईबाबा सकाळी शैवाल पोचवायला मालवणला गेले आणि त्यांच्या पाठोपाठ समुद्र खवळला. होडी येईना. वाऱ्यामुळे उडती रुग्णवाहिकाही येऊ शकत नव्हती. आजो आजारी आहे एवढं बिनतारी यंत्रावरून आईबाबांना कसंबसं कळवून झालं आणि मग त्यातून नुसती खरखर. घरात उरले आजो, केतकी आणि टोपाजी.

टोपाजी हा स्वयंपाक करणारा यंत्रमानव. पुण्याच्या कारखान्यातून नुकताच आलेला. डोकं उपड्या टोपासारखं म्हणून आजोने हे नाव ठेवलं. बोलणं मात्र असं, की पाठ्यपुस्तकच चालायला लागलंय.

खरं तर दोष आजोच्या जिभेचा. तिसऱ्यांची (शिंपल्यांची) आमटी शिळी झाली की जास्त लागते, हे त्याचं ठाम मत. "ही आमटी सेवनास अयोग्य आहे," असं टोपाजीने काल बजावलं होतं. "तुका काय कळता? तुका जीभ तरी आसा काय?" असं म्हणून आजोने वाटी पुसून खाल्ली. सकाळी आईबाबा निघून गेले आणि जुलाब, उलट्या, ताप सुरू.

शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला केतकी निर्जलीकरण (शरीरातलं पाणी आणि क्षार फार कमी होणं) हा शब्द शिकली होती. तेव्हा तो फक्त परीक्षेपुरता होता. आता तिने आजोच्या हातावरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. आणि सकाळपासून आजोला लघवीच झाली नव्हती. पाणी पाजलं की थोड्या वेळात ते पुन्हा बाहेर. केतकीला भीती वाटली.

"गो केतक्या," आजो पुटपुटला, "गोड्या पाण्यात मीठ घालून दी माका. चिमूटभर."

केतकीला त्याचा हात सोडवेना. तिने टोपाजीला हाक मारली. "टोपाजी, गोड्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून आण. लवकर!"

"चिमूट हे माप अस्पष्ट आहे," टोपाजी म्हणाला. "माझ्या चिमटीत नारळ मावतो."

आजोने एक डोळा किलकिला केला. "लिटराक अर्धो चायचो चमचो. सपाट."

टोपाजी गेला आणि तांब्या भरून घेऊन आला. आजोने घोट घेतला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ह्यां गोड कसां?"

केतकीने चाखून पाहिलं. सरबत! "साखर घालायला तुला कुणी सांगितलं?" ती ओरडलीच.

"आपणच म्हणालात, गोडे पाणी," टोपाजी शांतपणे म्हणाला. "यंत्रातील पाणी गोड नव्हते. मी ते गोड केले."

केतकीने कपाळावर हात मारला. समुद्रावर राहणाऱ्या माणसांचं पाणी दोनच प्रकारचं, एक खारं आणि एक गोडं. जे खारट नाही ते गोडं, त्यात साखरेचा संबंध काय? पण हे पुण्याच्या कारखान्यात कोण सांगणार! तिने रागाने तांब्या उचलला आणि ओतायला निघाली.

"ओतू नको! थांब!"

आजो कोपरावर रेलून उठला होता. यंत्रातली गळती सापडली की त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा आता झाला होता. "साखर! आगो, तापाच्या भरात साखर विसारलंय मी. नुसत्या मिठान काय होतला? टोपाजी, किती घातलंस?"

"एक वाटी. सरबताच्या प्रमाणात."

"मेलंय! ती लय झाली. तां ऱ्हवांदे, नवीन कर. लिटरभर पाणी, साखरेचे सहा सपाट चायचे चमचे, मिठाचो अर्धो. आणि केतक्या, तू चाखून बघ. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता नये."

तुलना करायला केतकीला लांब जावं लागलं नाही. गालांवरून ते वाहतच होतं. तिने आधी ते चाखलं, मग नवं पाणी. "कमी खारट आहे, आजो."

मग सुरू झालं चमच्याचमच्याने पाजणं. इथे टोपाजी खरा कामाला आला. त्याचा हात दुखत नव्हता, त्याला कंटाळा येत नव्हता, आणि आजो "पुरे रे" म्हणाला तरी तो ऐकत नव्हता. मध्ये एकदा उलटी झाली. तेव्हा थोडं थांबून पुन्हा पहिल्या चमच्यापासून. ऊन कलेपर्यंत आजोचे ओठ ओलसर दिसायला लागले आणि आवाजात जरा धार आली. केतकीला केव्हापासून विचारायचं होतं ते तिने आता विचारलं.

"पाणी तर सकाळपासून देत होते. मग मीठ-साखर घातल्यावरच का टिकलं?"

काही समजावून सांगायचं म्हटलं की आजोची भाषा आपोआप शाळेतली व्हायची. "आपल्या यंत्रात पाण्याला पडद्यातून ढकलायला पंप आहे," तो म्हणाला. "आतड्यात पाण्याला ढकलणारा असा पंप नाही. पाणी तिथे क्षारांच्या मागे मागे जातं. क्षार आत गेले की पाणी आत."

"मग नुसतं मीठ पुरायला हवं होतं."

"हवं होतं. पण आतड्याच्या पेशींना (ज्यांनी शरीर बनतं त्या सूक्ष्म खोल्यांना) बारीक दारं असतात. जुलाबात मिठाची काही दारं नीट चालत नाहीत. एक दार मात्र बहुतेक वेळा शाबूत राहतं, आणि ते एकट्याला आत घेत नाही. मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज (साखर पचल्यावर मिळणारी साधी साखर), दोघं मिळून आले तरच ते उघडतं."

"फुगडीसारखं!" केतकी म्हणाली. "एकटीला घालताच येत नाही."

"अगदी बरोबर. ही जोडी आत गेली, की आतला रस जास्त दाट होतो. पाणी नेहमी पातळाकडून दाटाकडे सरकतं. याला परासरण म्हणतात."

केतकीने सरबताच्या तांब्याकडे पाहिलं. "मग वाटीभर साखर घातली तर आतड्यातलंच पाणी दाट होईल. आणि आपल्या अंगातलं पाणी उलट तिकडे जाईल!"

आजोने टोपाजीच्या हातातल्या चमच्याकडे बोट दाखवलं. "माका वाटला होता, ह्यां समजावूक अजून एक चमचो लागतलो."

"आणि आई पोट बिघडलं की मीठ घालून पेज देते, ते?"

"तांदळातल्या पिठाचं पोटात ग्लुकोजच होतं. तेच दार, तीच फुगडी. पण एक लक्षात ठेव, याने जंतू मरत नाहीत. त्यांच्याशी शरीर लढतं, आणि नाही जमलं तर डॉक्टर हवाच. हे पाणी आपल्याला तेवढा वेळ मिळवून देतं."

केतकीचं डोकं आता भराभर चालायला लागलं होतं. "मग शेंगदाण्यांवर पाणी प्यायलं की खोकला होतो, ते खरं? आणि पोटदुखीला बेंबीवर हिंग?"

"माहीत नाही," आजो म्हणाला. "तपासून बघ. काही उपाय खरे निघतील, काही नुसत्याच गप्पा. तू मोठी होशील तोवर बरेचसे कळलेले असतील. काही तूच शोधलेले असतील."

एवढं बोलून आजो उठून बसला आणि घाईघाईने म्हणाला, "टोपाजी, हात दी. माका जावचा आसा."

दोघे आत गेले. केतकी दाराबाहेर कान देऊन उभी राहिली. आतून टोपाजीचा खणखणीत आवाज आला. "रुग्णास लघवी झाली आहे. रंग फिका पिवळा. अभिनंदन!"

शरीरात पाणी खरंच पोचलं होतं. केतकी हसायला लागली. लघवीच्या बातमीने इतका आनंद होईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

बाहेर वारा पडत चालला होता. तेवढ्यात बिनतारी यंत्राची खरखर थांबली आणि त्यातून एका बाईंचा स्पष्ट आवाज आला. "शैवालशेत, ऐकू येतंय का? मी आरोग्य केंद्रातून डॉक्टर आचरेकर बोलतेय. केतकीचे आईबाबा आणि मी होडीत बसतोय. रुग्ण कसा आहे? त्यांच्याजवळ कुणी मोठं माणूस आहे का?"

केतकी उत्तर द्यायला पुढे झाली. पण टोपाजीचा खांदा धरून आजो तिच्याआधी यंत्रापाशी पोचला होता.

"केतकी आसा हंय," तो म्हणाला. "आणखी कोण होया?"