अप कुठली, डाऊन कुठली

अडतीस सालची गोष्ट. आपल्याला वाढवणाऱ्या गीताबाई मावशीला कल्याणच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून चंद्रकला शहापुराहून आसनगाव स्टेशनात आली आणि नेमकी चुकीच्या फलाटावर उभी राहिली.

"इथली गाडी कसाऱ्याला जाते," मागून आवाज आला. तिकीटखिडकीतला तरुण बाबू होता, कमळाकर.

"डाऊन इथंच लागते म्हनाले. घाट वर, कल्याण खाली. मग खाली जाते ती डाऊन, नाय का?"

"रेल्वेत मुंबईकडे जाते ती अप. मुंबईपासून लांब जाते ती डाऊन."

"म्हंजे... घाट चढते ती डाऊन?"

"हो." तो हसला. चंद्रकलाचं डोकं गरगरलं – अप-डाऊनमुळं की त्या हसण्यामुळं, तिचं तिलाच कळेना.

मावशीच्या डोळ्यांपायी मग फेऱ्या होतच राहिल्या. दर खेपेला तिचा नवा प्रश्न.

"स्टेशन आनि जंक्शन एकच का?"

"जंक्शनात वाटा फुटतात. कल्याणला एक पुण्याकडे वळते, एक आपल्याकडे."

"आनि टर्मिनस?"

"तिथं रूळच संपतात."

"मग मानसानं काय करायचं?"

"उतरायचं... आणि तिथंच राहायचं," तो म्हणाला आणि उगाचच लाजला. यात लाजण्यासारखं काय, हे ती वाटभर शोधत राहिली.

माघात तिला टोकावड्याचं स्थळ सांगून आलं. त्याच आठवड्यात तिकिटं देताना कमळाकर हळूच म्हणाला, "माझी बदली झाली. रविवारी सकाळी वर जातोय. भेटायला... याल?"

रविवारी ती एकटीच चालत आली. वर म्हणजे अप, अप म्हणजे मुंबई – आता तिला पाठ होतं. मुंबईची गाडी आली, गेली. कमळाकर कुठंच नव्हता. डोळे पुसताना तिला तो दिसला – पलीकडच्या फलाटावर, ट्रंकेवर बसलेला. ती पुलावरून धावत गेली.

"वर म्हनालात ना तुमी?"

"तुमच्या बोलीतलं वर. घाटावर, इगतपुरीला."

"आनि मी तुमच्या रेल्वेतलं समजले."

इगतपुरीची गाडी फलाटात शिरली.

"विचारायचं होतं तुम्हाला..." तो अडखळला. "पण तुमचं टोकावड्याला ठरतंय असं ऐकलं—"

"ते पाव्हने आता घरात बसलेत," ती खाली बघत म्हणाली. "मी मागच्या दारानं आले."

गाडी हलली. कमळाकर चढला नाही. त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली.

"चला," तो म्हणाला, "पाहुणे उठायच्या आत मावशींना भेटू."