शेवंती कुणाच्या हाकेला पळाली

"मॅडम, मिशी आली तुम्हाला!"

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून फेसाळ दूध हातात देतात. प्रियदर्शनीनं तो ग्लास नुकताच तोंडाला लावला होता, आणि धार काढणारा पोरगा खुशाल हसत होता. ओळख ना पाळख, आणि हे बोलणं! तिनं रुमालानं ओठ पुसले, डोळे वटारले... आणि वटारलेले डोळे त्याच्यावरच राहिले, ही मात्र गफलत झाली.

सोमवारी बघते तर ती शिकवायची त्या इंग्रजीच्या क्लासात तोच, शेवटच्या बाकावर. नाव सम्राट, आकारामदादा गवळ्यांचा मुलगा. मोठ्या हॉटेलांना दूध घालायचं होतं त्याला, आणि तिथले मॅनेजर फाडफाड इंग्रजी झाडायचे.

"मॅडम, 'रन' म्हंजे पळणं न्हवं? मग परवा मॅनेजर इचारतोय, तुमची डेअरी कोण रन करतंय? मी म्हटलं, डेअरी जाग्यावरच हाय, म्हशी पळत्यात."

वर्ग खो-खो हसला. प्रियदर्शनी हसू दाबत फळ्याकडे वळली. धंदा चालवला तरी रन, नाक वाहिलं तरी रन, साडीचा रंग गेला तरी रन, निवडणुकीला उभं राहिलं तरी रन.

"उभं ऱ्हायलं तरी पळणंच? लई बाराचा, बेरकी शब्द हाय ह्यो. आणि पोरगी घेऊन पळालं तर?"

"तेही रनच. पण ते परीक्षेत येत नाही. बसा खाली!"

दिवाळी जवळ आली तशा सम्राटच्या दांड्या सुरू झाल्या. पाडव्याला गवळी म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढं, आणि म्हैस ना कासरा ना दावं, नुसत्या हाकेवर मागं. म्हशीनं ऐकलं तर घराण्याची मान वर. नाही ऐकलं, तर वर्षभर पेठेत तोंड दाखवायची चोरी.

"शेवंतीचा सराव घ्यावा लागतोय, मॅडम. तुमीच या की नदीच्या रस्त्याला. मागं बसा, शब्द इचारा."

नको नको म्हणत ती गेलीच. घरी वडिलांना "फिरायला जातो, आबा" असं सांगून. कोल्हापूरची पोरगी, ती 'जाते' कशाला म्हणेल! पंचगंगेवर धुकं, कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड वास, पुढं सम्राटची रुंद पाठ, मागं धापा टाकत शेवंती. म्हैस रेंगाळली की प्रियदर्शनी मान वळवून ओरडायची, "ये गं शेवंते, ये!" शब्द राहिले बाजूला. तिला तो आवडायला लागला होता, अगदी बेक्कार आवडायला लागला होता.

एका सकाळी ती म्हणाली, "भाऊबीजेला जयसिंगपूरचे पाहुणे येणार आहेत... मला बघायला."

गाडी हळू झाली.

"तुम्हाला काही बोलायचं असेल तर—"

"हाय की... पाडवा तर हू दे."

"रनचे सगळे अर्थ पाठ, आणि एवढं एक वाक्य येईना!" ती ताडकन उतरली. परत सरावाला गेली नाही.

पाडव्याला हलगी कडाडत होती. प्रियदर्शनी आबांबरोबर गर्दीत उभी होती, हातात बाजाराची पिशवी. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, पायांत चाळ... शेवंती नटून आली होती. सम्राटनं गाडी रेस केली, हाक दिली. शेवंती ढिम्म! दुसरी हाक. ती मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधत राहिली.

"आकारामदादा, म्हैस हाय का पुतळा?" कुणीतरी ओरडलं. हशा उसळला. म्हाताऱ्यानं फेटा सारखा करायच्या निमित्तानं तोंड लपवलं.

प्रियदर्शनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरावाला रोज दोघं होती, आणि म्हैस हलायची ती तिच्या आवाजावर! आता हाक मारली तर आबांना कळणार, सगळ्या पेठेला कळणार. तेवढ्यात सम्राटनं तिला पाहिलं... आणि हळूच मान हलवली. नको.

बापाची अब्रू चाललेली, आणि हा तिचं नाव जपत होता! मग तिला राहवेना.

"आबा, पिशवी धरा."

गर्दीतून वाट काढून ती गाडीवर मागं बसली.

"मॅडम, गावभर व्हईल."

"होऊ दे. चालवा." तिनं मान वळवली. "ये गं शेवंते, ये!"

चाळ छमछमले. शेवंती उधळली ती थेट गाडीच्या मागं, आणि शिट्ट्यांनी रस्ता दणाणला.

"पाडवा झाला, मॅडम..." तो वाऱ्यातूनच मागं म्हणाला.

"मग बोला."

"इंग्रजीत का मराठीत?"

"कोल्हापुरीत."

"मला तुमी पायजे. जलमभर. शेवंतीला बी."

तिनं त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं. "मलाही," ती म्हणाली.

परत आले तेव्हा आबा पिशवी घेऊन आकारामदादांशेजारी उभे होते. चेहरा गंभीर. प्रियदर्शनी गाडीवरून उतरून त्यांच्यापुढं आली.

"म्हणजे फिरायला जातो, ते हे?"

"व्हय, आबा."

"बाळासो," आकारामदादा आबांकडे बघत मिशीत हसले, "म्हशीनं पसंत केलीया. आता आपण कोण बोलणार?"

आबांनी सम्राटला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग खिशातून फोन काढला.

"जयसिंगपूरकरांना येऊ नका म्हणून सांगतो. उद्या तू ये रं घरी. पोहे तर करायचेच हायत. पावणं बदललं, एवढंच."