आधी वाचा, मग लिहा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तुमची कंपनी सांभाळते त्या हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये रुग्णाची ॲलर्जी चैतालीने भरली होती. ती नोंद गायब झाली तुमच्यामुळे, आणि खापर फोडलंत नागपूरहून आलेल्या, अजून नोकरीत कायमही न झालेल्या त्या पोरीच्याच डोक्यावर. नर्सने औषध देण्याआधी रुग्णाला विचारलं म्हणून बरं... नाहीतर?

नोकरीवरून काढायची नोटीस हातात घेऊन चैतालीने तुमच्या पुण्यातल्या, खराडीच्या ऑफिसातली छोटी मीटिंग रूम बुक केली. निवांत रडायला. दार उघडलं, तर आत एक उंच मुलगा डबा उघडून बसलेला.

"ही रूम माझ्या नावावर आहे."

"माझ्याही. सदाशिव पेठेत वाढलोय, विचारल्याशिवाय कुठे बसत नाही."

"मीटिंग करून राहिला का जेवून राहिला तू?"

"कोशिंबिरीशी चर्चा चालू आहे."

ओल्या डोळ्यांनीच तिला हसू फुटलं. दोघांनी मोबाइल पुढे केले. बुकिंग पक्कं झाल्याचा मेसेज दोघांनाही होता, पण सिस्टिममध्ये नाव एकट्याचंच – दत्तप्रसाद.

"मग माझं कुठं गेलं?"

त्याचा चमचा हवेतच थांबला. डेटाबेस टीममधलाच होता तो. हॉस्पिटलच्या नोंदी आणि हे बुकिंग, दोन्ही त्याच डेटाबेसवर.

"आपण बुकिंगचं पान एकाच वेळी उघडलं. तू लिहिलंस, आणि मी माझी जुनी प्रत अख्खी त्यावर ठेवली. तुझं पुसलं गेलं... चूपचाप."

"म्हणजे ती ॲलर्जी –"

"अशीच पुसली गेली. मधे कुणी बदल केलाय का, हे आधी तपासलं जायचं. साहेबांनी ते काढायला लावलं. वेग कमी होतो म्हणे!"

मग दोघं कामाला लागले. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक दिला. जुना क्रमांक घेऊन आलेल्याला सेव्ह करता येणार नाही. दुसऱ्याने काय लिहिलंय ते आधी बघावं लागेल. कोपराला कोपर लागलं... कुणीच बाजूला घेतलं नाही.

"आणि वेग?" तिने विचारलं.

"तेवढाच. कुणी आडवं आलं तरच थांबायचं."

"मी आडवी आले तर?"

"थांबलोय की... केव्हाचा."

डेमोला अख्खा मजला जमला. साहेब, तुम्ही पहिल्या रांगेत. दोघांनी त्याच रूमचं बुकिंग उघडलं, 'कारण' या रकान्यात लिहिलं आणि एकदम बटण दाबलं. चैतालीचं सेव्ह झालं. दत्तप्रसादच्या स्क्रीनवर लाल अक्षरं – 'मधे बदल झाला आहे. आधी वाचा.' आणि भिंतीएवढ्या पडद्यावर दोन्ही कारणं शेजारीशेजारी:

'दत्तप्रसादला सांगणे – आवडतोस.'

'चैतालीला लग्नाचं विचारणे.'

शिट्ट्याच शिट्ट्या! दत्तप्रसादचे कान लालेलाल.

"नुसतं 'टेस्ट' लिहायचं ठरलं होतं ना?"

"तू तरी कुठं लिहिलं?" म्हणत चैतालीने पुढे होऊन 'एकत्र करा' दाबलं. दोन्ही ओळी राहिल्या. एक अक्षर गेलं नाही.

टाळ्या थांबेनात, आणि साहेब, तुम्ही मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलात. नोटीस तुम्ही सगळ्यांसमोर दिली होतीत. ती सगळ्यांसमोर मागे कधी घेताय? चैताली समोर उभी आहे, दत्तप्रसादचा हात धरून. खाली काय बघताय? बोला!