वर चढलेले डोळे

"नजर खाली घे, मने! विहीणबाई म्होरं बसल्यात आन् तू आढ्याकडं बघतीस व्हय गं?"

सासूबाईंचा, आक्काताईंचा आवाज सोप्यात कडाडला तशी मनू घाईनं पुढं सरकली! शालू नणंदेची आज सुपारी फुटायची, सांगलीहून पाहुणे पाटणला आलेले. थोरल्या सुनेनं वाकून पाया पडायचं, एवढंच तर काम. मान वाकली, कंबर वाकली... पण बुबुळं मेली भुवयांखाली जाऊन बसली ती खाली येईचनात!

"सून लय ताठ्याची दिसतीया," विहीणबाई पुटपुटल्या.

कशी सांगणार ती अभागी? तान्हं लेकरू गेलं, पण त्याचं रडणं तिच्या कानांतून जाईना. तेव्हा पलटणीतून रजेवर आलेल्या नवऱ्यानं, जोतीरामनं, सांगलीच्या डॉक्टरच्या गोळ्या गुपचूप सुरू केल्या. रडणं थांबलं आणि हे डोळ्यांचे भोग सुरू झाले. घरात वेड आहे म्हटल्यावर शालूला कोण करून घेईल? त्यापेक्षा आपल्याला माजोरी म्हणोत...

पाहुणे वाटेला लागताच आक्काताईंनी सुनेची ट्रंक उघडली. "चल माहेराला! तुझा ताठा तितंच मिरव!"

लुगड्यांच्या घडीतून गोळ्यांची पुडी पडली, सोबत जोतीरामचं पत्र. दुसरीपर्यंत शिकलेल्या आक्काताई बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या. 'डोळे वर चढतात ते गोळीमुळे. आमच्या पलटणीच्या डॉक्टरला विचारले. त्यावर दुसरे औषध आहे. आता आईला सांग, लपवू नको...'

पत्राला दोन महिने झाले होते.

"का न्हाई सांगितलंस गं?"

"शालूवन्सं... त्यांचं मोडलं असतं, आत्याबाई!"

"मोडलं तर मोडू दे! सकाळच्या यष्टीनं सांगली गाठायची. तुझ्या डोळ्यांवर माझ्या लेकीचा मांडव न्हाई घालायचा मला!"

आणि कुणापुढं न वाकलेली ती बाई मटकन खाली बसली. मनूचं डोकं तिनं मांडीवर घेतलं, वर ओणवी झाली. अडकलेल्या डोळ्यांपुढं आता आढं नव्हतं, सासूचं तोंड होतं.

सहा वर्षांत सुनेनं सासूच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. आज दिला...

आणि नजर आक्काताईंनी खाली घेतली.